निळ्या ट्रॅक्टरची पाठराखीण

जळबा पाईकराव एसटीच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त झाले तेव्हा डेपोनं त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. जन्मभर घड्याळाच्या मागं पळालेल्या माणसाला घड्याळ देण्यात कुणाचा खवचटपणा नव्हता. सगळ्यांना तेच देत. नरसी गावातल्या घरी शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली आणि घड्याळ कुणाच्या तरी लग्नात आहेरात गेलं.

त्यानंतर जळबांना स्वप्न पडू लागलं. स्वप्नात जुना, गोल नाकाचा निळा ट्रॅक्टर हळदीच्या रानाकडेनं चालत असे, इतका सावकाश की पुढून बगळे रमतगमत जात. वर जळबा. कुठं पोचायचं नसे, कुणाला उतरायचं नसे, सुट्या पैशांवरून कुणी भांडत नसे.

"ट्रॅक्टर घ्यावा म्हन्तो," एका सकाळी ते बायकोला म्हणाले.

"शेत केवढं, ट्रॅक्टर केवढा," जनकाबाई म्हणाल्या. "वळवायला शेजाऱ्याच्या रानात जावं लागन. नांगरायला पायजे का बसायला?"

जळबा प्रामाणिक माणूस. "बसायला."

जनकाबाईंनी पुढं विचारलं नाही. निवृत्त माणूस राजकारणात जाण्यापेक्षा ट्रॅक्टरवर बसलेला बरा, हे त्यांनी गल्लीतली दोन-तीन उदाहरणं पाहून ठरवलं होतं.

मग शोध सुरू झाला. जुना ट्रॅक्टर विकणारा हा हिंगोली जिल्ह्यातला सर्वांत आशावादी माणूस. कुणी गंजावर सकाळीच रंग मारून ठेवी; हात लावला की हात रंगे. कुणी शपथेवर सांगे, "एका हाताचा है," आणि सीट गावजेवणाला वापरल्यासारखी असे. औंढ्याच्या एका दलालानं तर डॉक्टरनं वापरलेला ट्रॅक्टर दाखवला. डॉक्टर ट्रॅक्टरचं काय करत, हे जळबांनी विचारलं नाही. दलालानंच खुलासा केला, "निस्तं दवाखान्यात येनं-जानं."

जळबांनी दलालांचा नाद सोडला, तेव्हा निळा ट्रॅक्टर आपणहून मोबाइलवर आला. पुसेगावच्या महेबूब मिस्त्रींचा होता. मिस्त्री वारले होते आणि त्यांचा मुलगा अय्याज तो विकत होता. फोटोत ट्रॅक्टरवर गोधडी पांघरलेली होती, फक्त नाक बाहेर होतं. जळबांना तेवढं नाक पुरलं.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम दिवस उगवता उगवता पुसेगावात पोचले. जुनं इंजिन गार असताना सुरू होतं का, हेच तर पाहायचं असतं. विकणारा ते आधीच तापवून ठेवतो. जयभीम-सलाम झाला. अय्याजनं गोधडी ओढली. खाली रंग जुनाच होता, पण पुसून पुसून तळ्यासारखा झालेला. जळबांनी बॉनेटवर तळहात ठेवला.

गरम.

जळबांचं तोंड एवढंसं झालं. "तापवून ठेवला व्हय?"

"मी तापवला," ओट्यावरून आवाज आला. त्या होत्या अय्याजच्या आई, रहमतबी.

"काहून?"

"रोजच तापवते, भाऊ. हे असतानी या येळेला चालू करायचे. मी बी करते. थोडा येळ ऐकते, बंद करते. मला चालवता कुठं येतं?"

"लोकायच्या घरी टीव्ही है," अय्याज म्हणाला. "आमच्या अम्मीला हे."

"मंग थंड होऊ द्या," जळबा म्हणाले. "मी थांबतो."

अय्याजला थांबणं परवडणारं नव्हतं. दुपारी बायपासवरचा एक हॉटेलवाला येणार होता. तो ट्रॅक्टर दारापुढं ओट्यावर चढवणार होता, सोनेरी रंग देणार होता, इंजिन काढून आत बल्ब लावणार होता. गिऱ्हाईक जेवून आलं की वर बसून फोटो काढणार. अय्याजला यात अब्बांचा मानच वाटत होता. पण ट्रॅक्टरचं गिऱ्हाईक मी पारखीन, असं रहमतबींनी बजावून ठेवलं होतं.

जळबा दारातल्या कडुलिंबाखाली बसले. शेजारच्या रानात हळद शिजत होती. तिची पिवळी वाफ बांधावरून येई, ट्रॅक्टरभोवती फिरे, आणि ट्रॅक्टर जमिनीपासून वीतभर वर उचलल्यासारखा दिसे. जळबांचे डोळे मिटत. उघडले तरी समोर तेच असे. झोपेत आहोत का जागे, याची त्यांनी चौकशी केली नाही. ऊन पायापाशी आलं तेव्हा त्यांनी पुन्हा हात लावून पाहिला. बॉनेट रांजणासारखं गार होतं.

"फाटकापर्यंत नेऊन दाखवा, काका," अय्याज म्हणाला.

चावी फिरली आणि इंजिन पहिल्याच हाकेला बोललं. खोल, भरदार, जेवून आल्यासारखं. जळबांनी क्लच दाबला, गिअर टाकला, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, समोर पाहिलं. आणि तसेच बसून राहिले.

अय्याज वाट पाहत राहिला. रहमतबी ओट्यावर उभ्या राहिल्या. ट्रॅक्टर डुगडुगत होता, जळबा स्थिर.

"काका, क्लच सोडा की. काय झालं?"

"घंटी न्हाई झाली," जळबा म्हणाले, आणि लगेच कानापर्यंत लाल झाले.

नोकरीभर मागून कंडक्टरची दुहेरी घंटी आल्याशिवाय त्यांनी गाडी तसूभर हलवली नव्हती. पायाला ते ठाऊक होतं. पाय काही केल्या क्लचवरून उठेना. अय्याज हसता हसता खालीच बसला.

रहमतबी हसल्या नाहीत. आजवर जो आला त्यानं वर बसताच ॲक्सिलेटर दाबून लिंब काळा केला होता. हा पहिलाच, ज्याला चालू ट्रॅक्टरवर नुसतं बसता येत होतं. त्यांनी आतून पितळी तांब्या आणला आणि उलथन्यानं दोनदा वाजवला.

ट्रॅक्टर निघाला. फाटकापर्यंत गेला, वळला, परत आला, आणि धुळीलासुद्धा फारसं कळलं नाही.

"त्या हॉटेलवाल्याला फोन लाव," रहमतबी मुलाला म्हणाल्या. "म्हनाव, बल्ब दुसऱ्या कशात लाव."

व्यवहार अय्याजनं तोंड पाडून, पण चोख केला. जळबा वर चढले, तर रहमतबी गोधडीची घडी काखेत धरून उभ्या.

"मी संगं येनार."

"अम्मी, काहून?"

"पोरगी पयल्या बारीला सासरी जाते तवा कुनीतरी संगं जातं का न्हाई? तुमच्यात जातं का, भाऊ?"

"जातं ना. पाठराखीण."

"मंग सरका."

त्या मडगार्डवर बसल्या. अय्याज मोटारसायकलवर मागं निघाला, पण इतक्या सावकाश मोटारसायकल चालत नाही, ती पडते. दुसऱ्यांदा पडल्यावर तो घरी गेला.

रस्त्यानं सगळे पुढं गेले. जीप गेल्या, ऊस गेला, डबा बांधलेला सायकलवाला गेला. शेवटी शेळ्यांचा एक कळप गेला, आणि त्यातल्या एका म्हातारीनं वळून पाहिलं. दोन्हीकडून हळदीची वाफ येत होती. मधूनच रस्ताच दिसेनासा होई आणि नुसता आवाज चालत राही.

"पयल्यांदाच बसली मी याच्यावर," रहमतबी म्हणाल्या. "हे म्हनायचे, सध्या काम चालू है, बसवतो मंग."

जळबांनी गिअर आणखी एक खाली घेतला.

नरसीला दारात जनकाबाई उभ्या होत्या. ट्रॅक्टर आणायला गेलेला नवरा ट्रॅक्टर आणि एक बाई घेऊन आला होता.

"हे कोन?"

"पाठराखीण," जळबा म्हणाले.

जनकाबाईंनी ट्रॅक्टरकडं पाहिलं, बाईकडं पाहिलं. "मंग वर काहून बसवून ठेवली? उतरा बाई. पानी घ्या."

रहमतबी उतरल्या नाहीत. "ठेवनार कुठं?"

"गोठ्यात. पत्रे नवे हैत."

"कोंबड्या बसतीन वर."

"त्या मला भेतात," जनकाबाई म्हणाल्या.

रहमतबींनी गोठा पाहिला, पत्रे पाहिले, कोंबड्यांचे चेहरेही पाहून घेतले. इंजिन चालूच होतं. मग त्यांनी जळबांच्या हाताजवळची दांडी दाखवली, जी इतके दिवस रोज त्याच ओढत होत्या.

"बंद तुमी करा."

जळबांनी दांडी ओढली. आवाज थांबला. रहमतबींनी पदर डोळ्यांना लावला, मग त्याच पदरानं मडगार्ड पुसलं.

"संध्याकाळी तुमाला ट्रॅक्टरनंच सोडतो, भाबी," जळबा म्हणाले.

"मंग त्याला पुन्हा आनायला मला संगं यावं लागन."

"व्हय," जळबा म्हणाले. त्यांना त्यात काहीच चूक दिसेना.