आतल्या माणसाला ऐकू येतं

मित्रांनो, मी एक जुना इंटरकॉम आहे. कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचार देतात, त्या खोलीच्या भिंतीवर माझा सगळा जन्म गेला. उपचार सुरू होताना सगळे बाहेर जातात, जाड दार बंद होतं आणि आत रुग्ण एकटा उरतो. बाहेर कुणी बटण दाबलं, की त्याचा आवाज मी आत पोचवतो.

सुरुवातीला बाहेर एक ताई बसायच्या. "काका, आता मशीन घरघर करेल, पण अंगाला काही लागणार नाही. मी इथून बघतेय. काही वाटलं तर हात हलवा." एवढ्यानेच आवळलेल्या मुठी सुटायच्या. जाताना रुग्ण मशीनला हात जोडायचे. माझ्याकडे कुणाचं लक्ष नसे, पण मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

ताई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या दोघांना "हलू नका" यापलीकडे माझा उपयोग नव्हता. माझं बटण अडकायला लागलं, तेही "उद्या बघू" म्हणत तसंच राहिलं.

तेव्हा शिवणकाम करणाऱ्या एक मावशी यायच्या. घशात गाठ होती. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा चढवून तो टेबलाला घट्ट अडकवत. तोंड उघडायची सोय नसे. एकदा बटण अडकलं आणि बाहेरच्या गप्पा आत आल्या.

"त्यांचं आता काही खरं नाही. उगाच फेऱ्या मारतायत."

"त्यांना माहीत आहे?"

"छे! फक्त मुलाला सांगितलंय."

बोलणं दुपारी येणाऱ्या एका आजोबांविषयी चाललं होतं. पण मावशींना ते कसं कळणार? मुखवट्याखालून पाणी कानापर्यंत ओघळलं. थोड्या वेळाने दोघांपैकी एकाला अडकलेलं बटण दिसलं. त्याने ते नखाने वर काढलं आणि गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी मावशींचा मुलगा एकटाच आला. "आई यायला तयार नाही. 'माझ्यापासून लपवलंस' म्हणते. मी काय लपवलं हो?"

"या वयात घाबरतात. समजूत काढा," तोच माणूस म्हणाला.

समजूत निघाली नाही. काही महिन्यांनी मावशी गेल्या. "गाठ निम्म्यावर आली होती," डॉक्टर हळहळले. "उपचार का सोडले, कोण जाणे!"

पुढे 'रुग्णाशी संवाद' या विषयावर कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण झालं. त्याच माणसाने रुग्णाचं सोंग घेतलं, टेबलावर आडवा पडला आणि कण्हत म्हणाला, "इथे किती एकटं वाटतं हो!" टाळ्या पडल्या. त्याला बक्षीसही मिळालं.

मित्रांनो, आता मला काढून नवा बसवणार आहेत. खुशाल बसवा. पण तोही तुम्ही बोलाल तेच पोचवणार. आत जखडलेल्या माणसाला उलटून विचारता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. आणि चूक झालीच, तर दार उघडून आत जा आणि त्याला सांगा.