समुद्रापार जाऊन आलेली डबी

मित्रांनो, आंबागडच्या एका घरात, चुलीजवळच्या देवळीत बसलेली मी एक जुनी पितळी डबी आहे. आता माझ्यात सुया, दोरे आणि निघालेली बटणे राहतात. चिंच लावून मला घासायला कोणाला सवड नाही, म्हणून मी काळी पडले आहे. माझ्या कुशीला एक मोठा पोचा आहे. घरातली मुले समजतात की मी कोणाच्या तरी हातून ओट्यावरून पडले असेन. खरे तर तो पोचा परदेशातला आहे.

माझा जन्म भंडाऱ्याचा. चिंधू नावाच्या कारागिराने मला पत्र्यातून ठोकून घडवले आणि फिरवून बंद करायचे आट्यांचे झाकण बसवले. ते झाकण त्याने इतक्या वेळा लावून आणि काढून पाहिले की शेजारचे कारागीर हसू लागले. आंबागडच्या कौशल्याबाईंनी मला लेकीच्या लग्नात कुंकवासाठी विकत घेतले. घरी गेल्यावर सगळ्या बायका म्हणाल्या की कुंकवाला ही फार मोठी आहे. मग कौशल्याबाईंनी मला स्वतःकडेच ठेवून घेतले.

त्यांच्याकडे चांदीच्या रुपयांची माळ होती. राजाचे डोके असलेले जुने रुपये, प्रत्येकाला कडी डाकलेली, लाल दोऱ्यात ओवलेले. यजमान वारल्यावर त्यांनी ती गळ्यातून काढली आणि माझ्यात ठेवली. पुढची कित्येक वर्षे मी धान साठवायच्या ढोलीमागे ती माळ सांभाळत बसले. ते काम सोपे होते.

कौशल्याबाईंना दोन मुले. थोरली रुखमिणी. तिचे लग्न गावातच तुलारामशी झाले होते. धाकटा जागेश्वर. तो मँगनीजच्या खाणीत यंत्रांचे काम शिकला आणि तिथल्याच एका ठेकेदाराच्या ओळखीने आफ्रिकेत तांब्याच्या खाणीवर गेला. बायको निर्मलालाही त्याने तिकडे नेले. १९७४ च्या उन्हाळ्यात कौशल्याबाई गेल्या, तेव्हा तार त्याच्यापर्यंत पोचायलाच आठवडा गेला. तो येऊ शकला नाही. जाण्याआधी म्हातारी एवढेच बोलली होती की माळ दोघांनी अर्धी अर्धी घ्यावी.

जागेश्वरचे पत्र आले. बाई, मायच्या हातचे काहीतरी पाठव, असे त्याने थोरल्या बहिणीला लिहिले होते. रोवणीचे, म्हणजे धान लावायचे दिवस होते. भंडाऱ्याला जायचे म्हणजे दिवस मोडणार, आणि चिखलात उभ्या बायांना सोडून रुखमिणी जाणार कशी? तिने दोरा तोडला, भावाच्या वाट्याचे रुपये मोजून पाकिटात घातले, वर चार ओळींची चिठ्ठी ठेवली, पाकीट भाताच्या शिताने चिकटवले आणि तुमसरला जाणाऱ्या एकाजवळ टपालात टाकायला दिले. मी उघडी पडून हे पाहत होते. कागदाच्या पाकिटातून रुपयांच्या कडा उमटून दिसत होत्या. ज्याने ते हातात धरले असेल, त्याला आत काय आहे हे विचारायची गरजच नव्हती.

पाकीट पोचले. त्याचा एक कोपरा फाटलेला होता आणि आत फक्त चिठ्ठी होती.

जागेश्वरचे उत्तर तुलारामने वाचून दाखवले. त्यात शिवीगाळ नव्हती. चिठ्ठीत रुपये पाठवल्याचे लिहिले आहे, पण पाकिटात रुपये नाहीत, असे त्याने लिहिले होते. शेवटची ओळ मात्र अशी होती: मायच्या नावाचे एवढेही तुझ्याने देववले नाही, यापुढे पत्र लिहू नकोस.

रुखमिणी रडली नाही. ती कापणीच्या आणि चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या, कामाला लागली. धान घरात आल्यावर एका सकाळी तिने मला ढोलीमागून काढले. माझ्यात आता तिच्या वाट्याचीच अर्धी माळ उरली होती. मायच्या जुन्या लुगड्याचा एक पदर तिने फाडून बरोबर घेतला आणि मला पिशवीत घातले.

तुलाराम दारात उभा होता. "आता कायले पाठवतेस?" तो म्हणाला. "तो तं तुले चोर म्हणून मोकळा झाला. हे बी गेलं तं मंग?"

"गेलं तं गेलं," रुखमिणी म्हणाली. "पण मी ठेवून घेतलं असं तेच्या मनात नाही राहिलं पाहिजे."

भंडाऱ्याच्या टपाल कचेरीत परदेशी पार्सलांच्या खिडकीवर सेवकराम नावाचे बाबू होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, पण हळहळले नाहीत. मला उचलून त्यांनी कानाजवळ हलवले. आत रुपये खणखणले.

"बाई, हे वाजून राहिलं," ते म्हणाले. "वाजणारी वस्तू वाटेतल्या हरएक हाताले सांगत जाते, आत काय आहे ते."

मग त्यांनी सांगितले ते रुखमिणीने बाकावर बसून केले. लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या, एकेक रुपया वेगळा गुंडाळला, त्याला गाठ मारली. कडेच्या फटींत कापूस ठासला. झाकण लावून हलवले, तरी वाजले. पुन्हा उघडून आणखी कापूस भरला. आता आवाज येईना. इतकी गच्च मी आयुष्यात कधी भरले नव्हते.

किमतीवरून मात्र दोघांचे जमेना. विमा किती रुपयांचा, असे बाबूंनी विचारले तेव्हा रुखमिणीने भलताच मोठा आकडा सांगितला. महाग लिहिले तर लोक जपून नेतील, असे तिचे म्हणणे. बाबूंनी समजावले की जास्त लिहिले तर ते खोटे ठरते आणि कमी लिहिले तर नुकसान आपले. ती सराफाकडून किंमत लिहून घेऊन आली. चांदी देशाबाहेर पाठवायला परवानगी लागते, म्हणून बाबूंनी अर्ज नागपूरला पाठवला आणि तिला परत जायला सांगितले. परवानगी यायला थंडी सरली. ती पुन्हा आली. मला एका लाकडी पेटीत बसवले, पेटीवर कापड शिवले, शिवणीच्या प्रत्येक जोडावर तापलेली लाख पडली आणि तिच्यावर मोहर उमटली. शेवटी वजन झाले. वजनाचा आकडा बाबूंनी पार्सलावरही लिहिला आणि पावतीवरही. वाटेत कोणी काही काढले तर हा आकडा बोलेल, असे ते म्हणाले.

पुढचा प्रवास मी अंधारात केला, म्हणून जे ऐकले तेच सांगते. वरठी स्टेशनावर थैल्या फेकल्याचे आवाज, मग बरेच दिवस आगगाडी, मग बंदर. जहाजाच्या पोटात एक घरघर चालायची, ती कधी थांबलीच नाही. कुठल्याशा बंदरावर पार्सल उंचावरून पडले. पेटीची एक फळी फुटली आणि मला हा पोचा पडला. कापड फाटले नाही, लाख तडकली नाही. मग एका गोदामात मी इतके दिवस पडून राहिले की मला वाटले, आता माझे हेच घर.

आंबागडला त्या काळात रुखमिणी डाकवाल्याची वाट पाहून थकली होती. पोचपावती येईना. तुलारामने तो विषय काढणे सोडून दिले.

शेवटी एका परक्या कचेरीत मला तराजूवर ठेवले गेले. वजन जुळले. जागेश्वरने सही केली आणि मला घरी नेले. त्याने लाख फोडली, शिवण उसवली, झाकण फिरवले. पहिली पट्टी हातात आली तशी त्याची बोटे थांबली. लुगड्याचा निळा काठ त्याने ओळखला होता. मग तो एकेक गाठ सोडत गेला आणि निर्मला रुपये ओळीने मांडत गेली.

"हे तं बाईच्या वाट्याचे आहेत," निर्मला म्हणाली. "आपले पाकिटातून गेले. तिनं स्वतःसाठी काय ठेवलं?"

जागेश्वरने शेवटची गाठ सोडली. "काही नाही ठेवलं," तो म्हणाला.

माफीचे पत्र त्याने तीनदा लिहिले आणि तीनदा फाडले. सुटीच्या दिवशी तो जमिनीवर बसला, निम्मे रुपये त्याच पट्ट्यांत गुंडाळले आणि माझ्यात भरले. निर्मलाने मला कानाजवळ हलवून पाहिले. मी गप्प होते. पुन्हा पेटी, पुन्हा शिवण, पुन्हा लाख, आणि मी आले त्याच वाटेने निघाले.

आंबागडात रुखमिणीने मला उघडले तेव्हा तुलाराम आत चिठ्ठी शोधू लागला. चिठ्ठी नव्हती. एवढे करून चार अक्षरे लिहायला काय झाले होते, असे तो चिडून म्हणाला. रुखमिणी एक पट्टी हातात घेऊन बसली होती. तिने स्वतः मारली होती ती गाठ साधी होती. ही गाठ दुहेरी होती, एक टोक आत दुमडलेले.

"मायवानी बांधली आहे तेनं," ती म्हणाली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आले.

जागेश्वर १९८२ साली कायमचा परत आला. त्या हरवलेल्या रुपयांचे काय झाले ते आजवर कोणालाही कळले नाही. रुखमिणीने त्याला पाय धुवायला पाणी दिले आणि भात वाढला. तो जेवता जेवता म्हणाला, "बाई, मी पाकिटाले विचारायचं ते तुले विचारलं." ती म्हणाली, "जेव आधी, थंडं होते."

मित्रांनो, दूरच्या माणसाला काही मोलाचे पाठवाल तेव्हा ते कागदात टाकून सोडून देऊ नका. नीट गुंडाळा, वाजते का ते पाहा, नोंद करा, पावती जपा. त्याला एक दिवस मोडेल, मोडू द्या. आणि एवढे करूनही कधी तुमच्या हाती रिकामे पाकीट आले, तर पत्र लिहायला बसण्याआधी त्याचा फाटका कोपरा नीट पाहून घ्या.