मामांची शिफारस

चार पानांचा बायोडाटा खुडत खुडत आम्ही चार ओळींवर आणला होता, आणि त्यातल्या दोन ओळी पत्त्याच्या होत्या. आमचे हे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकेक ओळ वाचत होते आणि मी काट मारत होते. एम.ए., बी.एड. गेलं. उत्कृष्ट मुख्याध्यापक म्हणून मिळालेलं मानपत्र गेलं. व्याकरणावरची दोन पुस्तकं गेली. प्रत्येक वेळी ते "हे तरी राहू दे गं" म्हणायचे आणि मी "नाही" म्हणायचे. शेवटी उरलं ते एवढंच: शाळेत काम, एकवीस वर्षं.

"हे वाचून कोणालाही वाटेल, मी शाळेत मामा होतो," ते म्हणाले.

मामा म्हणजे यांच्या शाळेचे शिपाई. घंटा देणं, वर्ग झाडणं, कुलपं लावणं, सगळं त्यांच्याकडे.

"वाटू दे," मी म्हणाले. "वाटावं म्हणूनच तर चाललंय."

बोलून गेले आणि मग वाईट वाटलं. पण किती दिवस गोड बोलायचं माणसाने?

अकरा महिने झाले होते या परक्या देशात येऊन. इथे शिक्षक कमी पडतात असं माहितीपत्रकात होतं ते खरंच होतं, त्यात आम्हाला कोणी फसवलं नव्हतं. फक्त त्याच माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की बाहेरून येणाऱ्या शिक्षकाला इथला दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा लागेल, आणि त्याआधी भाषेची वरची परीक्षा द्यावी लागेल. ती ओळ मी मोठ्याने वाचून दाखवली होती. "ते नवख्यांसाठी असतं," हे म्हणाले होते. "एकवीस वर्षांच्या अनुभवाला कोण परीक्षा विचारणार?"

विचारली. पहिल्याच खिडकीवर विचारली. हे त्या परीक्षेत दोनदा नापास झाले. जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेला माणूस निकालाचा कागद घडी करून खिशात घालायचा आणि घरी येऊन म्हणायचा, "पेपर ज्याने काढलाय त्यालाच भाषा येत नाही."

मी वृद्धाश्रमात अर्धवेळ काम धरलं. म्हाताऱ्यांना भरवता भरवता, त्यांची रडगाणी ऐकता ऐकता मला भाषा येऊ लागली. चुकतमाकत का होईना, समोरच्याला कळायची. हे मात्र माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करायचे. दुकानात मी भाव विचारावा आणि यांनी मागून क्रियापद सुधारावं. एकदा तर गल्ल्यावरची बाईच म्हणाली, "त्यांना गप्प करा, मला तुमचं समजतंय."

शिकवणं जमत नाही तर मिळेल ते काम करू, असं ठरलं. तेही सोपं नव्हतं. पुस्तकांचं गोदाम, बेकरी, बसडेपोची धुलाई, तिन्हीकडे एकच झालं. समोरच्याने चार पानं चाळली, यांच्याकडे वर पाहिलं आणि म्हटलं, "तुम्ही इथे टिकणार नाही." हे टिकतो म्हणून सांगत राहिले, पण बेकरीत त्यांनी मालकाच्या पाटीवरची चूकही दाखवून दिली होती.

आणि आता महिनाअखेर आली होती. राहण्याचा परवाना यांच्या नावावर, आम्ही मायलेकी त्याला जोडलेल्या. मुदत वाढवायची तर यांच्या पक्क्या नोकरीचा कागद हवा. माझं अर्धवेळ काम त्यात धरत नाहीत. कागद नसेल तर तिघांनी परत जायचं, आणि तेही लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष अर्ध्यावर टाकून. ती इथे रमली होती. रोजगार कार्यालयातल्या बाईंनी मग स्पष्टच सांगितलं, "तुमच्या यजमानांचा कागद कमी करा. आणि अपेक्षाही." दुसरं वाक्य मी यांना सांगितलं नाही.

कागद कमी केला आणि खरंच बोलावणं आलं. एका शाळेची देखभाल पाहणाऱ्या कंपनीला माणूस हवा होता. सकाळी दारं उघडायची, वर्ग पुसायचे, संडास धुवायचे, संध्याकाळी कुलपं लावायची. पण शिफारशीवर घोडं अडलं. आधीच्या ठिकाणी ज्याने तुमचं काम रोज पाहिलं, अशा एका माणसाशी त्यांना फोनवर बोलायचं होतं.

"संस्थेच्या अध्यक्षांचा नंबर देऊ," हे म्हणाले.

"म्हणजे तुम्ही मुख्याध्यापक होतात हा पाढा ते वाचतील आणि हेही जाईल हातचं. शिवाय निरोपाच्या दिवशी 'तिथे प्राचार्य झालात की आम्हाला विसरू नका' म्हणाले होते ना? त्यांना सांगणार आहात का, कशाची शिफारस हवीय ते?"

यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"मामांना विचारू या," मी म्हणाले.

"मामा माझे वरिष्ठ होते असं सांगायचं? खोटं? ज्या माणसाने कॉपी करणाऱ्यांना कधी सोडलं नाही, त्याने?"

"वरिष्ठ कुठे म्हणतायत ते? काम रोज कोणी पाहिलं, एवढंच विचारलंय. मामांनी पाहिलं नाही का? तुम्ही डबा खाल्लात की नाही, हेसुद्धा पाहायचे ते."

मामांना मीच फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, सरांच्या कामाचं मी काय सांगू? जीभ झडेल माझी."

"विचारतील तेवढंच खरं खरं सांगा, मामा. बाकीचं मी बघते."

कंपनीची सुपरवायझर चाळिशीची, जाडजूड, घाईतली बाई होती. शाळेच्या तळघरातल्या एका खोलीत तिचं टेबल, भिंतीला लागून बादल्या आणि पुसणी. मामांना आमच्याखेरीज दुसरी भाषा येत नाही, तेव्हा भाषांतर मी करावं असं ठरलं. हे माझ्या शेजारच्या खुर्चीत ताठ बसले. फोन स्पीकरवर ठेवला. तिकडे शाळा नुकतीच भरत होती, मागे पोरांचा कालवा ऐकू येत होता.

"तुम्ही शाळेत काय करता?" तिने विचारलं.

"साफसफाई आणि चाव्या माझ्याकडे," मामा म्हणाले. तसंच मी सांगितलं.

"हे कामावर वेळेवर यायचे का?"

"सर? सर आले की मी घड्याळ लावायचो."

मी "सर" गाळून बाकीचं सांगितलं. बाईंनी फॉर्मवर खूण केली.

"अंगमेहनतीचं काम यांनी केलंय का? संडास वगैरे? खरं सांगा, कारण यांचे हात तसे दिसत नाहीत."

यांनी हात टेबलाखाली घेतले. मी मामांना प्रश्न सांगितला. ते घुटमळले.

"वहिनी, सर जवळ आहेत का? त्यांनी शपथ घातली होती."

"बोला, मामा."

"तपासणीच्या वर्षी संडास तुंबले होते. मी तापाने फणफणलो होतो आणि दुसरा माणूस मिळेना. सरांनी मला रिक्षात बसवून घरी पाठवलं. रविवारी पँट दुमडून सगळे संडास एकट्याने साफ केले. सोमवारी तपासणी झाली. कोणाला बोलायचं नाही म्हणाले, घरी तर नाहीच."

मला हे ठाऊक नव्हतं. बावीस वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःचा चहाचा कप उचलून ठेवलेला मी पाहिला नव्हता. इतकी वर्षं मी त्यावरून यांना टोचून बोलत आले होते. आणि त्या रविवारी म्हणे शाळेत मीटिंग होती. मी वळून पाहिलं, तर हे जमिनीकडे बघत होते, चोरी पकडल्यासारखे.  "सर" तेवढं गाळून मी ते जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी पेन थांबवलं, यांच्याकडे नीट पाहिलं आणि मग मोठी खूण केली.

तेवढ्यात फोनमध्ये घंटा झाली. यांची नजर मनगटावर गेली. "चार मिनिटं उशीर," हे पुटपुटले.

"शेवटचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "हा आम्ही सगळ्यांनाच विचारतो. यांना पुन्हा कामावर घ्याल का?"

मी विचारलं.

"परत घेऊ का म्हणतात?" मामांचा आवाज एकदम चढला. "वहिनी, सर कधी येतायत तेवढं सांगा. त्यांनी ठेवायला दिलेली कपाटाची चावी मी अजून नव्या साहेबांना दिलेली नाही. रोज मागतात. मी सांगतो, सापडत नाही. आत सरांची पुस्तकं आहेत, त्यांचा चष्मा आहे. सर येतील तेव्हा उघडीन."



"बरंच बोलले की," बाई म्हणाल्या. "काय म्हणाले?"

"हो म्हणाले," मी सांगितलं.

यांना दोन्ही भाषा कळत होत्या. किती गाळलं ते यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण इथे आल्यापासून पहिल्यांदाच यांनी मला दुरुस्त केलं नाही.

नोकरीचा कागद तिथेच मिळाला. बाईंनी कामावर घालायचा निळा डगला यांच्या मापाला लावून पाहिला आणि सोमवारी सहाला या म्हणाल्या. बाहेर पडल्यावर आम्ही बसच्या थांब्यापर्यंत चालत आलो. डगला यांच्या हातावर घडी घातलेला होता. लेकीला फोन करून सांगावं म्हणून मी पर्स उघडली.

"आधी मामांना लाव," हे म्हणाले.

"मिळाली म्हणून सांगायला? सांगते ना."

"ते सांग. आणि म्हणावं, चावी देऊन टाका नव्या साहेबांना. पुस्तकं वाचनालयात ठेवा." यांनी डगल्याची घडी पुन्हा घातली. "तूच बोल. मला नाही जमायचं."