होकार देणारा पाय

भावाच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत माणसांचा, आणि मधोमध टीपॉयवर, वहिनीच्या ठेवणीतल्या उशीवर, माझ्या भाचीचा गिनीपिग ढब्बू. लोक त्याला भविष्य विचारत होते आणि तो म्हणे उत्तरं देत होता.

"विचारा!" भावाने घरी आणलेले एक महाराज टीपॉयशेजारून गरजले. "या देहात त्रिकालज्ञानी आत्मा उतरलाय. उंदीर समजू नका!"

"तो गिनीपिगच आहे," भाची पुटपुटली. तिच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

एका गृहस्थांनी हात जोडले. "गाडी घेऊ का?" महाराजांनी डोळे मिटून ढब्बूच्या पाठीवर हात ठेवला. ढब्बूचा मागचा पाय ताडताड आपटायला लागला. "होकार!" सगळी खोली चीत्कारली. मागच्या बाईंनी विचारलं, "सासूबाई आता धाकट्या दिरांकडे जातील का?" पुन्हा हात ठेवला, पण पाय हलला नाही. बाईंचा चेहरा पडला.

मला हसू आवरेना. मग ढब्बूला नीट बघितलं आणि हसू पळालं. पाठीवरचे केस पुंजक्यांनी गळलेले, कातडी लालभडक, वर कोंड्याचे पापुद्रे. ते गळलेले केस महाराज पुड्यांत बांधून वाटत होते, आणि पुड्या जवळ बाळगणारे भक्त कराकरा हात खाजवत होते.

"कृपा अंगात भिनतेय!" महाराज म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

"आत्या, तो काही खात नाहीये गं," भाचीने माझा दंड घट्ट धरला. "महाराज म्हणतात, औषध दिलं तर आत्मा निघून जाईल. ढब्बू मरेल गं आत्या."

मी भावाला बाजूला घेतलं. "तुला सगळ्यात खोटंच दिसतं," तो फणकारला. "अगं, आपल्या घरी साक्षात..."

"साक्षात खरूज आलीय तुझ्या घरी!" म्हटलं आणि कोपऱ्यावरच्या प्राण्यांच्या डॉक्टरणीला फोन लावला.

ती आली, थोडा वेळ गर्दीत उभी राहून बघत राहिली, मग पुढे सरकली. "महाराज, मी विचारू एक प्रश्न?"

"भक्तिभावाने विचारा."

तिने ढब्बूच्या कुशीला हलकंच नख लावलं. "हे महाराज लबाड आहेत का?"

पाय ताडताड आपटला.

"होकार..." गाडीवाले गृहस्थ हळूच म्हणाले.

"आत्मा चेष्टा करतोय!" महाराज ओरडले.

"आत्मा कसला? खरजेचे किडे आहेत. डोळ्यांना न दिसणारे. कातडीत शिरून बसलेत," डॉक्टरीण म्हणाली. "खाज इतकी, की कोणी खाजवलं की पाय आपोआप उडतो. यांना होकार हवा असला की नख लावतात, नको असला की नुसता तळवा टेकवतात. मी पुन्हा करून दाखवणार नाही. त्याला फार त्रास होतोय. असंच चाललं तर झटके येऊन मरेल."

सगळी वरात दवाखान्यात गेली. डॉक्टरणीने कातडीचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काचेखाली आठ पायांचा जीव वळवळत होता. भक्तांनी रांग लावून दर्शन घेतलं. सवयच ती.

"तुमच्याही अंगावर हेच असणार," ती म्हणाली. "माणसावर फार टिकत नाहीत. पुड्या फेका, कपडे धुवा, आणि खाज राहिलीच तर आपल्या डॉक्टरांना दाखवा."

"आमच्याकडे कुत्र्याचं गोचिडांचं औषध पडलंय," भाऊ म्हणाला. "त्यातलंच थेंबभर लावू का?"

"मुळीच नाही! एवढ्याशा जिवाला ते विषासारखं बाधेल." तिने ढब्बूला तोलून वजनाप्रमाणे औषध मोजलं. किड्यांची अंडी या औषधाने मरत नाहीत, म्हणून पुढच्या डोसाची तारीख दिली. पिंजऱ्यातलं सगळं गवत बदलायला, पिंजरा धुवायला सांगितलं. भाचीने यातलं एकही चुकवलं नाही.

महिन्याने महाराज पुन्हा हजर, सोबत उरलेसुरले भक्त. ढब्बूच्या पाठीवर आता मऊ केस होते. महाराजांनी नख लावलं, मग दोन नखं, मग चांगलं खसाखसा खाजवलं. ढब्बू शांतपणे गवत चावत राहिला.

मी भक्तांना एवढंच म्हटलं, "जनावर तडफडताना दिसलं की त्याला आपलं भविष्य काय विचारता? त्याला काय होतंय ते डॉक्टरला विचारा. आणि कोणी औषध द्यायला अडवलं, तर का अडवतोय, हे आधी विचारा."

"आत्मा गेला हो!" महाराजांनी हंबरडा फोडला.

"जाऊ दे," भाची ढब्बूला उचलत म्हणाली. "ढब्बू राहिला."