फोटोपुरती शिडं

आमच्या बोटीला दोन डोलकाठ्या आहेत, आणि त्या कशासाठी आहेत ते विचारू नका. एकीच्या दोरावर मी टॉवेल वाळत घालते. दुसरीवर दिव्यांची माळ सोडलीय, म्हणजे जेवताना पाहुण्यांना लग्नाच्या हॉलमध्ये बसल्यासारखं वाटावं. शिडं? आहेत की! निळ्या खोळीत करकचून बांधून ठेवलीत. मे महिन्यात बोद्रुमच्या बंदरात फोटोवाला येतो, शिडं वर जातात, फोटो निघतो, शिडं खाली येतात. मग थेट ऑक्टोबरपर्यंत आम्ही ‘वाऱ्यावरची निळी सफर’ डिझेलवर करतो. सगळेच करतात. पाहुण्यांचीही तक्रार नसते, कारण शिडं उभारली की गाद्यांवर सावली पडते, आणि माणूस भाजून काळा झाला नाही तर सुट्टीवर गेलो होतो हे ऑफिसात पटवायचं कसं?

मी मुनिरे. चूल माझ्याकडे, सुकाणू आमच्या ह्यांच्याकडे, म्हणजे शाकिर कप्तानांकडे. तिसरा माझा धाकटा भाऊ इल्यास, वय अठ्ठेचाळीस. त्याच्याकडे नेमकं काय असतं ते मला अजून कळलेलं नाही.

बोट माझ्या सासऱ्यांची. ‘मेलाहात’ हे नावही सासूचंच. सासरे हिच्यातून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना न्यायचे, आणि तेव्हा शिडांच्या दोरावर कोणी टॉवेल वाळत घालत नसे. ते गेले, बोट विकावी लागली. इस्तंबूलच्या नेजात बेयनी, म्हणजे नेजातशेठनी, ती घेतली. त्यांचा धंदा बाथरूमच्या फरश्यांचा. बोटीबरोबर त्यांनी आमच्या ह्यांनाही ठेवून घेतलं, जुनं सामान फेकवत नाही तसं.

तर या जूनमध्ये नेजात बेयचा फोन आला. नोव्हेंबरात बोट कारखान्यात न्यायची आणि दोन्ही डोलकाठ्या कापून टाकायच्या. पुढे गरम पाण्याचा टब बसणार, मागे सपाट छप्पर. “नुसत्या मध्ये मध्ये येतात हो त्या,” ते म्हणाले.

“ठीक आहे, नेजात बेय,” हे म्हणाले.

ठीक आहे! या माणसाला दुसरे शब्दच येत नाहीत. उद्या कोणी म्हणालं, कप्तान, तुमचं डोकं मध्ये येतंय, तरी हे ठीक आहे म्हणतील. फोन ठेवला आणि तीन दिवस जेवले नाहीत. माझ्या हातची भरली वांगी समोर ठेवून माणूस उठून जातो म्हणजे काय?

चौथ्या दिवशी बोलले. “एकदा हिला शिडावर क्निदोसच्या टोकाला वळसा घालून न्यायची होती. इंजिन बंद ठेवून. बाबा न्यायचे तशी.”

“मग न्या की! कोणी हात धरलेत?”

“पाहुणे असतात, मुनिरे. ते म्हणतील तिकडे जायचं.”

“पाहुणे नसताना न्या.”

“पाहुण्यांशिवाय बोट बाहेर काढायची नाही, असा हुकूम आहे.”

“बरं बाई! इतकी वर्षं काठ्या उभ्या होत्या तेव्हा आठवलं नाही, आता करवत यायच्या वेळेला आठवलं!”

हे उठले. तळात साचलेलं पाणी उपसायला निघून गेले. मी मात्र तेवढ्यावर थांबले नाही. सबंध उन्हाळाभर येता-जाता टोमणे मारत राहिले. जीभ माझी, काय करणार.

शेवटची खेप सप्टेंबरच्या अखेरीस निघाली. तिच्यावर ओरकुन बेय आले, त्यांची बायको मेलदा हानम, सासू आणि मित्रांची दोन जोडपी. ओरकुन बेयच्या डोक्यावर कप्तानाची टोपी होती. आमच्या कप्तानाला टोपी नाही, पण असो. हातातल्या फोनवर वारा कुठून येतोय ते दिसत होतं. वारा तोंडावरच येत होता, पण फोनवर बघितल्याशिवाय त्यांना खरं वाटत नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “शिडं कधी?” हे म्हणाले, “वारा बघू.” दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी, ओराक बेटाच्या आडोशाला जेवण चाललं असताना, ओरकुन बेयनी काटा ताटात आपटला.

“कप्तान, मी शिडांच्या सफरीचे पैसे भरलेत, आगबोटीचे नाही!”

“खरंच हो,” मेलदा हानम म्हणाल्या. “फोटोत तर होती.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता ‘ठीक आहे’ येणार म्हणून मी कान बंद करून घ्यायच्या बेतात होते.

“उद्या सकाळी,” हे म्हणाले. “क्निदोसला. पण एकदा शिडं वर गेली की टोक ओलांडेपर्यंत खाली येणार नाहीत. कबूल?”

“अहो, तेच तर हवंय!” ओरकुन बेयनी टाळी वाजवली.

सकाळी खोळ सोडली तर आत चिमण्यांची उन्हाळाभराची घरटी. शीड अर्ध्यावर जाऊन अडकलं. इल्यासने दोराला आईवरून शिव्या दिल्या, पण दोर काही ऐकेना. शेवटी हे स्वतः वर चढले. पंचावन्नाव्या वर्षी, अनवाणी! खाली उतरले तेव्हा दोन्ही तळहात सोलवटलेले. दोर सांभाळायला दोघंही पुढे हवेत, म्हणून सुकाणू आलं माझ्याकडे. मला काही ते नवीन नाही. कांदा चिरता चिरता मी ही बोट कितीतरी वेळा धरलीय, फक्त त्याचे फोटो कोणी काढत नाही.

“इंजिन बंद!” हे पुढून ओरडले.

मी किल्ली फिरवली. आवाज थांबला. आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत या बोटीचा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. लाकूड करकरत होतं, पाणी बाजूने सुसाटत होतं. शीड भरलं आणि ‘मेलाहात’ डावीकडे कलून निघाली.

पहिली पाच मिनिटं फोटोंची. काय ते हसणं, काय ते हात पसरणं! सहाव्या मिनिटाला न्याहारीचं टेबल उतरणीला लागलं. ऑलिव्हची वाटी मेलदा हानमच्या मांडीत गेली, तिच्यामागून मध. कप्तानाची टोपी उडाली ती ग्रीसच्या दिशेने गेली. मित्रांच्या बायका एकमेकींना धरून खाली बसल्या आणि अल्लाचं नाव घेऊ लागल्या. ओरकुन बेयची सासू तेवढी खांबाला टेकून शांतपणे कलिंगड खात होती. जावई हिरवा पडलाय हे बघून तिला बरंच वाटत असावं.

“हे… हे असं वाकडंच चालणार?” ओरकुन बेयनी मला विचारलं.

“शिडावर असंच चालतं, बेय. तुमच्या फोनमध्ये नाही का लिहिलेलं?”

दोन तास कसेबसे गेले. पुढे क्निदोसचा दीपस्तंभ दिसायला लागला, लाटा मोठ्या झाल्या, आणि बेय चक्क चार पायांवर रांगत माझ्यापाशी आले.

“इंजिन सुरू करा! आत्ताच्या आत्ता! नेजात माझा मित्र आहे, त्याला फोन लावीन! तुमच्या कप्तानाला घरी बसवीन!”

बसवलाही असता. मी घाबरले, खोटं कशाला बोलू? माझा हात किल्लीवर गेलासुद्धा. तेवढ्यात मी पुढे बघितलं.

हे डोलकाठीखाली उभे होते. दोराचा पीळ हातात, तोंड उघडं, नजर शिडाच्या टोकाला. तळहातांचं रक्त दोराला लागलेलं, पण त्यांना पत्ता नव्हता. आमच्या लग्नात हा माणूस दात उपटायला आल्यासारखा बसला होता. मुलगी झाली तेव्हाही ‘ठीक आहे’ म्हणाला होता. आणि आता तो हसत होता, एकटाच, मोठ्याने. जूनपासून मी याला टोचतेय, याच एका गोष्टीवरून. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मी खाली वाकले, पाठ बेयकडे केली आणि किल्ली फिरवल्यासारखा खांद्याला एक झटका दिला.

“होत नाही सुरू.”

“काय होत नाही?”

“इंजिन. मेलं.”

“पुन्हा करा!”

मी पुन्हा खांदा उडवला. दोनदा. वर कपाळाचा घामही पुसला. “हवा धरली असणार,” मी म्हटलं. मिस्त्री लोक असंच काहीतरी म्हणतात.

बेयच्या तोंडचं पाणी पळालं. “मग आता?”

“आता काय? ज्याचे पैसे भरलेत त्याच्यावरच जायचं.”

टोकाला वळसा घालताना वारा मागे आला आणि बोट अशी डोलली की इल्याससुद्धा नमाज आठवायला लागला. हे पुढून ओरडत होते, “डावीकडे, मुनिरे! अजून! धर, सोडू नको!” असा आवाज या माणसात आहे हे मला माहीतच नव्हतं. मी धरलं. हात भरून आले, तरी सोडलं नाही. दीपस्तंभ मागे पडला, आडोसा आला, शिडं उतरली. मग मी किल्ली फिरवली आणि इंजिन शहाण्यासारखं सुरू झालं.

“अल्लाची कृपा!” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

संध्याकाळी दोन ग्लास राकी पोटात गेल्यावर ओरकुन बेय शेजारच्या बोटीवाल्यांना सांगत होते, तुफानात शीड मी स्वतः धरलं होतं. त्याआधी नेजात बेयना फोन करून इंजिनाची तक्रार मात्र करून झाली होती. नेजात बेय ह्यांना फोनवर म्हणाले, “बघा, म्हणूनच सांगतो, ती शिडं काढून टाकलेली बरी. उगाच धोका.” झालं! म्हणजे बंद पडलं इंजिन आणि कापायच्या त्या डोलकाठ्या. हे ‘ठीक आहे’ म्हणाले, पण या वेळी त्यानंतर बसून पोटभर जेवले.

बोद्रुमला पोचलो तर नेजात बेयनी धाडलेला हमदी मिस्त्री धक्क्यावर हजर. त्याने तीनदा किल्ली फिरवली, तीनदा इंजिन सुरू झालं. आत शिरून तासभर ठोकाठोक केली.

“कप्तान, याला काय धाड भरलीय?” हात पुसत तो म्हणाला. “हवा नाही की बिवा नाही. असं ठणठणीत इंजिन मी या वर्षी बघितलेलं नाही.”

चहा पिऊन तो गेला. इल्यास कचरा टाकायला गेला. मी काकड्या सोलत बसले होते. हे समोर बसून, फडकं बांधलेल्या हातांनी, दोर गुंडाळत होते.

“तेव्हा नव्हतं झालं सुरू,” मी म्हटलं. वर बघितलं नाही.

“तू किल्ली फिरवलीच नव्हतीस. मी बघत होतो.”

माझी सुरी थांबली. आता आली का पंचाईत!

“मग ‘किल्ली फिरव’ म्हणून ओरडला का नाहीत? माणसं रडत होती तिथे! कप्तान ना तुम्ही?”

त्यांनी दोराचा एक वेढा घातला, मग दुसरा.

“ओरडलो असतो,” हे म्हणाले, “तर तू सुरू केलं असतंस.”