तीन ठिपके

आमच्या दुकानातून बाबांच्या ठिपक्यांशिवाय टाकी बाहेर जात नाही. जोडाच्या शेवटी वेल्डिंगचे दोन बारीक ठिपके, म्हणजे ही गळणार नाही आणि गळलीच तर बाबांना धरा. मी वेल्डिंग त्यांच्याच हाताखाली शिकले, पण माझ्या कामावरही ठिपके तेच मारत, तेही अंगठ्याने सगळा जोड चाचपून.

यंदा तंबू घेऊन रानात राहायला जायचं ठरलं. तिथे पाण्याचा टिपूस नाही. म्हणून जीपच्या टपावर बसेल अशी लांबट, खाली नळ असलेली स्टीलची टाकी मी एकटीने केली, बाबांना हातही लावू दिला नाही. ते म्हणाले, "तिथं नळाला पाणी आलं तर बघू." झालं, टाकी ठिपक्यांशिवायच टपावर चढली आणि मला जेवण गोड लागेना.

रस्त्याने आमची हाडं खिळखिळी केली, पण टाकीतून थेंब सांडला नाही. मी जरा ताठच बसले होते.

तंबू लागले. आईने चहाचं भांडं नळाखाली धरलं. नळाने दोन घोट पाणी ओकलं आणि तो गप्प झाला.

"म्हणून म्हणत होतो, बाटल्या घेऊ," नवरा म्हणाला. त्याचा समाचार मी घरी गेल्यावर घ्यायचं ठरवलं. बाबा टाकीकडेच बघत होते.

मी टपावर चढले. टाकी भरलेली, जोड कोरडे. झाकणावर हात ठेवला आणि माझं मलाच हसू आलं. गळती बुजवण्यात हयात घालवलेल्या घरातली मी, झाकणाखालीही रबर घालून ते जीव खाऊन आवळलं होतं. हवा आत जायला जागाच नाही, तर पाणी बाहेर येणार कुठून? झाकण थोडं सैल केलं.

"पुरे गं, भांडं भरलं," खालून आई म्हणाली.

बाबा उठले. टाचा उंचावून त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग नळाखाली ओंजळ धरून पोटभर पाणी प्यायले.

"झाकणाला बारीक भोक पाड," ते म्हणाले. "आणि घरी गेल्यावर ठिपके मार."

"मी? दोन?"

"दोन माझे असतात. तू तीन मार."

इतका अभिमान मला कधी कशाचा वाटला नव्हता. चहा झाला तरी मी टपावरून उतरले नाही.