पन्नास केबीच्या आत

फोटोवाल्याच्या दुकानात वहिनी शिरली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिला पाहताच त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. थोरला भाऊ जाऊन सात महिने झाले होते. त्याआधीची दोन वर्षं भावाभावांत बोलणं नव्हतं, आणि या बाईनंच भावाचे कान भरले असं फोटोवाल्याचं ठाम मत होतं. पुरावा मागाल तर शून्य.

"कोपऱ्यावरचं दुकान बंद आहे, म्हणून आले," ती उभ्यानंच म्हणाली. "नाहीतर ही पायरी चढले नसते."

"मीही काही आमंत्रण धाडलं नव्हतं."

तिनं पेनड्राइव्ह काउंटरवर आपटला. नवऱ्याच्या जागेवर नोकरीसाठी अर्ज करायचा होता, आणि साइट पाचला बंद होणार होती. बाकी सगळं भरून झालं होतं. फोटो तेवढा पन्नास केबीच्या आत हवा होता, आणि सकाळपासून साइट तो परत फेकत होती.

"इथेच नवा काढतो. दोन मिनिटांचं काम."

"तुमच्या कॅमेऱ्यासमोर मी उभी राहणार नाही, भाऊजी."

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्याच. फोटोवाल्याचा एक नियम होता आणि तो गिऱ्हाइकांना तोऱ्यात ऐकवायचा: मूळ फाइलला हात लावायचा नाही. आधी ती आपल्या मशिनवर उतरवायची आणि मग काय कापाकापी करायची ती त्या प्रतीवर. वीस वर्षांत हा नियम त्यानं मोडला नव्हता. आज मात्र तो म्हणाला, "तुमच्या घरातलं काही माझ्या मशिनवर उतरवणार नाही. पेनड्राइव्हवरच करतो."

"करा कुठेही. पाचच्या आत करा."

त्यानं फाइल उघडली आणि त्याचा माउसवरचा हात थांबला. फोटोत ती एकटी नव्हती. पांढऱ्या भिंतीला टेकून दोघं बाकावर बसले होते. भाऊ आजारपणानं अर्धा उरला होता, सदरा अंगावर लोंबत होता, पण हसत होता. बायकोच्या खांद्यावर हात टाकून अगदी खुशीत. फोटोवाल्यानं आयुष्यभर गावाच्या साखरपुड्यांचे, बारशांचे फोटो काढले, पण सख्ख्या भावाचा एक धड फोटो त्याच्याकडे नव्हता. हा त्याला हवा होता. पण मघाशी तोंडानं एवढं बोलून बसल्यावर मागणार कसा? वहिनी तर डोळ्यांत तेल घालून स्क्रीनकडे बघत होती.

"एकटीचा नाही?"

"गेल्या सहा महिन्यांतला पाहिजे म्हणतात. त्यातल्या त्यात हाच जवळचा. आता चौकशा पुरे."

"पुरे तर पुरे."

रागारागात त्यानं भावाला कापलं. खांद्यावर चार बोटं उरली, तीही एकेक करून पुसली. चार एमबीचा फोटो नऊशे केबीवर आला. सेव्ह. लांबीरुंदी उतरवली; एकसष्ट. सेव्ह. थोडी सफाई घालवली, चेहरा किंचित भुरकट झाला, चव्वेचाळीस. सेव्ह.

साइटनं फोटो घेतला. चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी अर्ज गेला. त्यानं सगळं बंद केलं आणि पोच छापली. ती पोचीवरचा नंबर वाचत होती, तेवढ्यात त्यानं हळूच पेनड्राइव्ह पुन्हा उघडला. चोरून तर चोरून, पण भाऊ ठेवून घ्यायचा होता.

आत एकच फाइल होती, चव्वेचाळीस केबीची. वहिनी एकटी. त्यानं दोनदा उघडून पाहिली.

"वहिनी," त्याचा आवाज चिरकला. "मूळ फोटो गेला. मी त्याच्यावरच सेव्ह करत बसलो."

आता ही आकाशपाताळ एक करणार म्हणून त्यानं मान खाली घातली. पण ती पोचीची घडी घालत राहिली.

"माझ्या मोबाइलमध्ये आहे तो."

त्याला हायसं वाटलं. सगळा ताठा गळून पडला. "मग मला एक पाठवा. पाया पडतो तुमच्या. माझ्याकडे त्याचं काहीच नाही हो."

"त्यांनी पाठवला होता तुम्हाला," ती म्हणाली. "काढला त्याच दिवशी, हॉस्पिटलातून. नंतर आणखी दोनदा. पोचला का, पोचला का, म्हणून रोज मोबाइल बघायचे. तुम्ही नंबर ब्लॉक केलाय हे मला कळलं होतं. त्यांना नाही सांगितलं मी. तुमच्याकडे नेटवर्क नसेल, एवढंच म्हणाले मी."

फोटोवाल्यानं हात जोडले. "चूक झाली माझी. आता पाठवा. तुम्ही तरी पाठवा."

"नाही," वहिनी म्हणाली. पेनड्राइव्ह काढून घेतला, पर्समध्ये टाकला आणि मागं न बघता पायऱ्या उतरली.

त्यानं घाईघाईनं मोबाइल काढला. ब्लॉक केलेल्यांच्या यादीत एकच नंबर होता. तो त्यानं मोकळा केला आणि भावाचं नाव उघडून स्क्रीनकडे बघत बसला. दारात गिऱ्हाईक येऊन दोनदा खाकरलं. काही आलं नाही.